शांतीचा काळ आणि हजार वर्षांचं राज्य: नक्षी तीच, रंग उलटे

दरवर्षी नोव्हेंबरात, ख्रिस्तराजाच्या सणाच्या आगेमागे, माझ्या फोनवर एक तक्ता येतो. पाठवणारे बदलतात, तक्ता तोच. डावीकडून उजवीकडे बाण: मंडळी, म्हणजे विश्वास ठेवणारे, स्वर्गात वर उचलले जाणार, मग सात वर्षं महासंकट, ख्रिस्तविरोधकाची सत्ता, मग येशू यरुशलेमेत सिंहासनावर बसून हजार वर्षं राज्य करणार आणि सगळ्यात शेवटी न्यायाचा दिवस. या बाणांच्या खाली हटकून फातिमा मातेचं, म्हणजे पोर्तुगालमधल्या फातिमा गावी दर्शन दिलं असं मानतात त्या मरीयेचं चित्र, आणि त्याखाली ओळ: ‘शेवटी माझ्या निष्कलंक हृदयाचा विजय होईल.’

लग्नपत्रिका एका घरची आणि फोटो दुसऱ्याच नवरदेवाचा, तसा हा प्रकार आहे. तक्ता ज्यांनी काढला ते फातिमा मानत नाहीत. फातिमा मानणाऱ्यांच्या ख्रिस्तसभेने, म्हणजे कॅथलिक चर्चने, तो तक्ता नाकारलेला आहे. तरी दोन्ही एका चौकटीत बसवून कोणीतरी पुढे ढकलतं, आणि रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादं पोर मला विचारतं, “टीचर, शांतीचं युग कधी सुरू होणार?” वर्गातल्या पोरांना मी रागवत नाही. त्यांच्या आईबापांना मात्र, तक्त्यातलं हजार वर्षांचं राज्य आणि फातिमाने सांगितलेला शांतीचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा नीट लिहून द्यायचं होतं.

हजार वर्षांचं राज्य तुम्हाला पाठच आहे, तेव्हा त्यावर फार शाई घालवत नाही. बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, विसावा अध्याय: सैतान साखळदंडाने बांधला जातो, साक्षीदार जिवंत होऊन ख्रिस्ताबरोबर हजार वर्षं राज्य करतात, मग सैतान थोडा वेळ सुटतो, मग शेवट. हा अध्याय अक्षरशः कॅलेंडरसारखा वाचला की हजार वर्षांचं राज्य तयार. आज फिरतो तो बाणांचा तक्ता १९व्या शतकातले धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून आला आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटिपांनी जगभर पसरला. एवढं पुरे. फक्त एक विनंती, हे सगळं ‘प्रोटेस्टंट लोकांचं’ म्हणून ढकलून देऊ नका. लुथरन लोकांनी १५३०च्या ऑग्सबर्ग विश्वासपत्रातच, मेलेले उठण्याआधी धार्मिकांचं राज्य या जगात येणार, ही कल्पना धुडकावली होती. आपल्या सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनची ख्रिस्ती घरं आहेत. त्यांतल्या कित्येकांना हा तक्ता माझ्याइतकाच परका वाटतो.

आता दुसरी बाजू, म्हणजे कॅथलिक माणूस देवाच्या राज्यात शांतीची आशा धरतो ती. तिची मुळं तक्त्यात नाहीत, रोजच्या प्रार्थनेत आहेत: ‘तुझे राज्य येवो.’ बायबलमधल्या यशया संदेष्ट्याने पाहिलेलं आहे, तलवारींचे फाळ होतील, लांडगा कोकराबरोबर राहील. पहिल्या महायुद्धानंतर युरोप राखेत बसलेला असताना पोप अकरावे पायस यांनी १९२२ साली ‘ख्रिस्ताच्या राज्यात ख्रिस्ताची शांती’ हेच आपलं ब्रीद केलं आणि ११ डिसेंबर १९२५ला ख्रिस्तराजाचा सण घालून दिला. त्याच्या आधी, १३ जुलै १९१७ला, पोर्तुगालमधल्या फातिमाला तीन मेंढपाळ मुलांनी ऐकलेला संदेश होताच: निष्कलंक हृदयाचा विजय होईल आणि जगाला काही काळ शांती दिली जाईल.

‘काही काळ’ हे शब्द पुन्हा वाचा. मूळ पोर्तुगीजमध्ये तेवढंच आहे. ‘युग’ आपण आपल्या खिशातून घातलं.

आणि या युगावर माझा खास राग आहे. मराठीत ‘युग’ म्हटलं की ते एकटं येत नाही. मागोमाग सत्य, त्रेता, द्वापर आणि कली अशी वरात येते. कलियुग संपेल, पुन्हा सत्ययुग लागेल, चाक फिरत राहील. ती कल्पना तिच्या जागी भव्य आहे, पण ख्रिस्ती काळ चाकासारखा फिरत नाही. तो एकदाच सरळ जातो आणि एका माणसाच्या येण्यापाशी थांबतो. ‘शांतीचं युग’ म्हणणारा ख्रिस्ती माणूस नकळत देवाच्या राज्याला सत्ययुगाचा अंगरखा चढवतो. मी वर्गात ‘शांतीचा काळ’ म्हणते आणि पोरांकडूनही तेच म्हणवून घेते. हट्ट म्हणा हवं तर.

दोन्हींतले किरकोळ फरक लोक फार घोळवतात. हजार म्हणजे मोजून हजार की पुष्कळ? शांतीचा काळ दहा वर्षांचा की दोनशे? यरुशलेम की रोम? मंदिर पुन्हा बांधणार का? सगळं बाजूला ठेवा. यातलं काहीही कसंही असलं तरी खरा प्रश्न सुटत नाही.

खरा प्रश्न एकच आहे: शेवटच्या न्यायाच्या आधी ख्रिस्त या पृथ्वीवर डोळ्यांना दिसेल असा येऊन राज्य करणार आहे का?

हजार वर्षांचं राज्य म्हणतं, हो. ख्रिस्तसभा म्हणते, नाही. १९४४ साली रोमच्या होली ऑफिसला, म्हणजे शिकवण तपासणाऱ्या कचेरीला, नेमकं हेच विचारलं गेलं, तेही या कल्पनेच्या सौम्य रूपाबद्दल. म्हणजे मेजवान्या नाहीत, ऐषआराम नाही, फक्त ख्रिस्त न्यायाआधी दृश्य रूपात येऊन राज्य करील, एवढंच. उत्तर आलं, हे निर्धोकपणे शिकवता येत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा ६७६ क्रमांकाचा परिच्छेद त्याहून कडक आहे. जी आशा इतिहासाच्या पलीकडे, देवाच्या न्यायातूनच पुरी होणार, ती इतिहासाच्या आतच पुरी झाली असा दावा जेव्हा जेव्हा होतो, तेव्हा ख्रिस्तविरोधकाची फसवणूक आकार घ्यायला लागते. तक्ता पाठवणाऱ्यांनो, ख्रिस्तविरोधकाचा बाण तुम्ही एका जागी काढता. ग्रंथ म्हणतो, तो बाण तुमच्या तक्त्यालाच लागू शकतो.

पण हा कोणा कचेरीतून निघालेला हुकूम आहे असं समजू नका. कारण आपण दर रविवारी उभं राहून म्हणतोच, फक्त ऐकत नाही. विश्वासांगीकारात काय आहे? तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला वैभवाने पुन्हा येईल आणि त्याच्या राज्याला अंत होणार नाही. ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेपासून हे असंच आहे. येणं आणि न्याय एकाच श्वासात. मधे हजार वर्षांची खुर्ची ठेवायला जागा कुठे आहे? आणि ज्या राज्याला अंतच नाही, त्याला हजार वर्षांची मुदत कशी? मुदत ठेव असते, मुदत कर्ज असतं. ख्रिस्ताचं राज्य मुदतीचं नसतं.

तक्त्यात आणखी एक गंमत आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही. त्याच विसाव्या अध्यायात हजार वर्षांनंतर सैतान सुटतो आणि राष्ट्रं बंड करून उठतात. म्हणजे पुनरुत्थित ख्रिस्त वैभवात समोर बसलेला, हजार वर्षं सगळ्यांनी त्याला डोळ्यांनी पाहिलेला, आणि तरी लोक फौज घेऊन चालून येणार? बैठकीतल्या एका मामांना मी हे विचारलं. ते म्हणाले, “माणसाचा काय भरवसा की.” उत्तर सोलापुरी होतं, पण ते मला पटलं नाही.

मग शांतीच्या काळात ख्रिस्त कसा राज्य करणार? जसा आज करतो तसाच, फक्त अधिक माणसं त्याला मानतील. अंतःकरणात, मिस्सामध्ये, कम्युनियनमध्ये म्हणजे मिस्सात घेतल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीत, न्यायाने चालणाऱ्या घरात आणि गावात. संत बर्नार्ड यांनी १२व्या शतकात ख्रिस्ताची तीन येणी सांगितली होती: पहिलं देहात आणि दुबळेपणात, शेवटचं वैभवात, आणि या दोन्हींच्या मधलं, आत्म्यात आणि सामर्थ्यात. मधलं येणं दिसत नाही. ज्याच्याकडे येतं त्यालाच कळतं. शांतीच्या काळाची आशा बाळगणारी शहाणी माणसं याच मधल्या येण्यावर बोट ठेवतात. बर्नार्ड एकेका जीवाबद्दल बोलत होते, ही माणसं ते सगळ्या जगाला लावतात. हे ताणणं आहे, पण सिंहासन रोवणं नाही. ‘देवाचं राज्य दिसेल अशा रीतीने येत नाही,’ असं लूकच्या शुभवर्तमानात येशू स्वतः म्हणतो, आणि पिलाताला सांगतो, माझं राज्य या जगाचं नाही.

इथे घोळ का होतो ते सांगते. सोलापुरी चादर उलटी करून बघा. नक्षी तीच, मोर तोच, फक्त रंगांची अदलाबदल. या दोन शिकवणींचं तसंच आहे. वचनं तीच, यशया तोच, लांडगा आणि कोकरूही तेच. लांबून बघणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या वाटतात. एका बाजूला शरीराने आलेला राजा आणि त्यामुळे आलेली शांती. दुसऱ्या बाजूला कृपेने बदललेली माणसं आणि त्यांच्यातून दिसणारा राजा. माझे वडील मागावर होते. ते चादर हातात घेतली की आधी काठ बघायचे आणि सुलट बाजू सांगायचे. इथे काठ म्हणजे शेवटचा न्याय.

खरं तर सुरुवातीच्या काळात मोठमोठी माणसंही हजार वर्षांच्या राज्याला भुलली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या शतकातले धर्मगुरू-लेखक दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक हुतात्मा जस्टिन आणि इरेनेयस दोघेही. इरेनेयस यांनी त्यांच्याही आधीच्या पापियास या बिशपांकडून आलेली एक गोष्ट लिहून ठेवली आहे. त्या राज्यात प्रत्येक द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या, फांदीला दहा हजार डहाळ्या, आणि असं करत करत घडाला दहा हजार मणी. आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदारांनी हे ऐकलं तर ते आधी पाण्याचं विचारतील. संत ऑगस्टीन यांनाही तरुणपणी ही कल्पना आवडली होती, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. पुढे त्यांनी सांगितलं, हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून शेवटच्या येण्यापर्यंतचा हा ख्रिस्तसभेचा सगळा काळ; तुम्ही आत्ता त्यातच आहात. पश्चिमेकडे बहुतेकांनी ते मानलं.

उलट्या टोकाला जाणारेही आहेत, आणि तेही मला तितकेच खटकतात. “शांतीचा काळ बिळ सगळा पाखंड, जग असंच सडत जाणार,” असं म्हणून हात झटकणारे. १९४४च्या निर्णयाने दृश्य राज्य नाकारलं. देव इतिहासात जगाला काही काळ शांती देऊ शकतो, ही आशा नाकारली नाही. सोलापूरकराला मी यासाठी १९३०चा मे महिना आठवायला सांगते. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, इंग्रजांचा अंमल उठला आणि तीन-चार दिवस सोलापूर स्वतंत्र होतं. मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. त्या तीन-चार दिवसांना कोणी १५ ऑगस्ट म्हणत नाही. पण ते खोटे होते असंही या शहरात कोणी म्हणून दाखवावं. फातिमाची ‘काही काळ शांती’ मला त्या दिवसांसारखी वाटते: खरी, पण शेवटची नाही.

उपमा एका जागी लंगडते. ते दिवस सोलापूरकरांनी मिळवले होते. फातिमाचा शब्द मात्र ‘दिली जाईल’ असा आहे. ६७७ क्रमांकाचा परिच्छेद हेच बजावतो, की ख्रिस्तसभा हळूहळू वर चढत जाऊन एक दिवस राज्य पुरं करील असं नाही. ते शेवटच्या दुष्टाईवर देवाच्या विजयानेच पुरं होईल. म्हणून ‘चला, आपणच राज्य आणू’ हीसुद्धा त्याच तक्त्याची सख्खी बहीण, फक्त बाण माणसाच्या हातात दिलेले. म्हणजे जगासाठी झटायचंच नाही का? झटायचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली: जगाची प्रगती आणि ख्रिस्ताच्या राज्याची वाढ एक नव्हे, पण माणसांचा समाज नीट लावणारी प्रगती त्या राज्याच्या दृष्टीने मोलाचीच आहे.

आणि फातिमा मानलंच पाहिजे का? नाही. ते खासगी प्रकटीकरण आहे. ख्रिस्ताने दिलेल्यात ते भर घालत नाही, त्या त्या काळात ते जगायला मदत करतं. २०००च्या जूनमध्ये फातिमाचं तिसरं रहस्य रोमने प्रसिद्ध केलं तेव्हा कार्डिनल रात्झिंगर (पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांनी निष्कलंक हृदयाच्या विजयाचा अर्थ लावला, की देवासाठी उघडं झालेलं अंतःकरण बंदुकांपेक्षा आणि कोणत्याही शस्त्रापेक्षा बलवान असतं. तक्त्याखाली छापायचीच असेल तर ही ओळ छापा. मग तक्ताच काढून टाकावा लागेल.

आता कोणी काही पाठवलं की मी एकच गोष्ट तपासते: येणं न्यायाआधी लिहिलंय की न्यायासकट? ‘येशू लवकरच यरुशलेमेतून कारभार हाती घेणार’: नापास. ‘जगाला शांतीचा काळ मिळावा म्हणून रोज माळ (रोझरी) म्हणा’: पास, आणि म्हणतेही. ‘युग सुरू झालं, अमुक तारखेला कळेल’: दोनदा नापास, तारखेसाठी एकदा आणि युगासाठी एकदा. गेल्या आठवड्यात आत्याने एक कागद आणून दिला, त्यावर ‘ख्रिस्ताचं कम्युनियनमधलं राज्य साऱ्या पृथ्वीवर येईल’ असं होतं. दोनदा वाचला. न्यायाआधी आहे, पण दिसणारं नाही. आणि कम्युनियनमध्ये तो आजही आहेच. काठावर पास केलं आणि कागद आत्याला परत दिला.