रेस्टन यांचं अपेंडिक्स सुयांवर काढलं नव्हतं

‘चीनमध्ये अमेरिकी पत्रकाराचं अपेंडिक्स भूल न देता, नुसत्या सुया टोचून (अ‍ॅक्युपंक्चरनं) काढलं’ ही गोष्ट अजून फिरते. पत्रकार होते न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन. साल 1971, शहर पेकिंग, म्हणजे आजचं बीजिंग. पण त्यांनी स्वतःच लिहिलंय की शस्त्रक्रियेआधी नेहमीचं भुलीचं औषध टोचलं होतं. सुया आल्या त्या नंतर, पोट फुगून दुखायला लागलं तेव्हा. तीन सुया: उजव्या कोपरात आणि दोन्ही गुडघ्यांखाली. शिवाय पोटाजवळ पेटवलेल्या औषधी वनस्पतीची धग.

पोटासाठी गुडघा का? चिनी परंपरेनुसार ‘ची’ म्हणजे जीवनऊर्जा वाहणाऱ्या मेरिडियन नावाच्या वाहिन्या तिथून जातात म्हणून. शवविच्छेदनात मात्र अशी वाहिनी कुणाला सापडलेली नाही. रेस्टन यांना तासाभरात आराम पडला, हे खरं. कशामुळे, ते एका पोटावरून ठरत नाही.