पार्श्वभूमी: पगारदारांचं देवपूर

धुळ्यात घर शोधणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारतात, "देवपुरात की गावात?" पांझरा नदीच्या दक्षिणेला जुनं गाव, उत्तरेला देवपूर. मधे मोठा पूल आणि लहान पूल.

1819 मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्जने खानदेशचा कारभार धुळ्यातून चालवायचं ठरवलं, तेव्हा गावात 401 घरं आणि 2,509 माणसं होती. चहूकडे बागायत, पाट आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत वस्ती. व्यापारी यावेत म्हणून कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या गेल्या, पक्की घरं बांधायला सरकारातून उचल मिळाली. नव्या धुळ्याचे सरळ रस्ते तेव्हाचे. 1872 च्या महापुरात पांझरेने घरांची मोठी हानी केली.

पलीकडचं देवपूर वाढलं ते पगारावर. 1906 ला खानदेशचे दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेशचं ठाणं धुळ्यातच राहिलं. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि शिक्षक, ग्रामसेवक, कारकून असा महिन्याला पगार घेणारा वर्ग वाढत गेला. साक्री, शिंदखेडा, शिरपूरच्या खेड्यांतून आलेल्या या माणसाला शेती सोडायची नव्हती, पण पोरांना शाळा-कॉलेज जवळ हवं होतं. देवपुरात ते होतं. शेतं बिगरशेती झाली, लेआऊट पडले, कर्मचाऱ्यांनी सोसायट्या काढून प्लॉट वाटून घेतले. एकवीरा देवीच्या मंदिरापाशी असलेली वस्ती दत्त मंदिर, वाडीभोकर रोड करत वलवाडीच्या शिवारापर्यंत गेली.

इथलं घर बहुधा टप्प्याटप्प्यानं बांधलेलं असतं. आधी प्लॉट, मग पीएफ काढून खालच्या दोन खोल्या, गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया. मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला चढतो. म्हणूनच फ्लॅटची सवय इथे उशिरा लागली. जमीन आपल्या नावावर हवी, हा शेतकऱ्याचा हट्ट पगारदार झाल्यावरही सुटला नाही, आणि मला तो रास्त वाटतो.

1998 ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. बदली तिकडे झाली तरी अनेकांनी बिऱ्हाड धुळ्यातच ठेवलं.

2001 मध्ये शहराची लोकसंख्या 3,41,755 होती, 2011 मध्ये 3,75,559. दहा वर्षांत जेमतेम दहा टक्के वाढ. हा आकडा पाहून धुळं थांबलं असं म्हणणं चुकीचं ठरेल, कारण नव्या कॉलन्या महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या जमिनीवर उभ्या राहत होत्या. तिथे प्लॉट स्वस्त, घरपट्टी कमी. गटार आणि पक्का रस्ता मात्र नाही. 2018 च्या हद्दवाढीत वलवाडीसह 11 गावं शहरात आली. घरपट्टीचा प्रश्न तेव्हापासून घरोघरी निघतो.

ज्यांनी ही घरं बांधली ते आता निवृत्त झालेत. मुलाबद्दल विचारलं तर अहिराणीत उत्तर मिळतं, "पोऱ्या पुनाले शे", म्हणजे मुलगा पुण्याला आहे. वरचा मजला कॉलेजच्या मुलांना किंवा बदलीवर आलेल्या कुटुंबाला भाड्याने दिलेला असतो. भाडेकरू खोली बघण्याआधी नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारतो, आणि बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकत असेल तर मालक भाडं वाढवून सांगतो.