'इकिगाई' म्हणजे ती चार वर्तुळं नव्हेत

जे आवडतं, जे जमतं, जगाला जे हवंय आणि ज्याचे पैसे मिळतात, अशी चार वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतात तिथे 'इकिगाई', म्हणजे जगण्याचा अर्थ, आणि हे जपानचं प्राचीन रहस्य, असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. आकृती सुबक आहे, त्यामुळे विश्वास बसणं साहजिकच.

शब्द खरोखर जपानी आहे, जुनाही आहे. आकृती मात्र जपानी नाही. ती आधी स्पॅनिशमध्ये होती, मधोमध 'उद्देश' या अर्थाचा शब्द घेऊन. २०१४ मध्ये एका इंग्रजी ब्लॉगवर त्या जागी 'इकिगाई' लिहिलं गेलं आणि तीच पुढे जगभर पसरली. पडताळायचं असेल तर इंटरनेटवर तारखेची मर्यादा घालून २०१४ आधीची चित्रं शोधा.

दुसरा पुरावा शब्दातच आहे. 'इकि' म्हणजे जगणं, 'गाई' म्हणजे मोल. आपण 'जगण्याचं चीज झालं' म्हणतो ना, त्याच्या अगदी जवळचं. यात पैशाची अट कुठेच नाही. नोकरीतल्या सार्थकतेला तर जपानीत वेगळा शब्द आहे, 'हाताराकिगाई'. कोणताही जपानी शब्दकोश उघडून पाहा.

मला हे सांगावंसं वाटतं, कारण चारही वर्तुळं जुळत नाहीत म्हणून खंतावलेली माणसं मी पाहिली आहेत. आमच्या शेजारच्या काकू रोज पहाटे जिन्यातल्या कुंड्यांना पाणी घालतात, अनंताची कळी उमलली की सगळ्यांना हाक मारून दाखवतात. त्याचे पैसे त्यांना कोणी देत नाही. मूळ अर्थाने ही त्यांची इकिगाईच.