शू झाल्याचं कळणं : ट्रेनिंग पँटची पार्श्वभूमी

मूल दोन वर्षांचं झालं की पुण्यातल्या बहुतेक घरांत हा विषय निघतोच. डायपर सोडवायचा, तर मधल्या काळात ओढून चढवायची ट्रेनिंग पँट वापरावी की थेट सुती चड्डी घालावी? आजी म्हणते, चड्डी घाला, दोन दिवस फरशी पुसावी लागेल, त्यात काय. मेडिकलवाला म्हणतो, ही न्या, अजिबात गळत नाही. माझं मत आजीच्या बाजूचं आहे, निदान दिवसापुरतं. पण ही पँट कुणाची अडचण दूर करायला जन्माला आली, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचं नीट उत्तर मिळत नाही.

आधी आपल्याकडे काय होतं ते बघू. जुन्या नऊवारीचं किंवा धोतराचं धुऊन धुऊन मऊ पडलेलं कापड चौकोनी फाडायचं, त्याची तिकोनी घडी घालायची, दोन टोकं कमरेशी आणायची, तिसरं पायांमधून वर घ्यायचं आणि पोटावर सैलसर गाठ मारायची. हा लंगोट एकदा शू झाली की भिजलाच. बाळ कुरकुरायचं, कुणीतरी लगेच बदलायचं. बाळाने मान धरली की शूला धरणं सुरू व्हायचं. आई नाहीतर आजी मोरीत पाटावर बसून पाय लांब करायची, पावलांमध्ये थोडी फट ठेवून बाळाला पायांवर टेकवायची आणि तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज काढायची. झोपेतून उठल्यावर, दूध पिऊन झाल्यावर, बाहेर निघण्याआधी, अशा ठरलेल्या वेळा असायच्या. काही आठवड्यांत आवाज आणि क्रिया यांची सांगड बसायची. अर्थात, याला मुलाचं स्वतःचं नियंत्रण म्हणता येणार नाही. वेळ ओळखण्याचं काम मोठं माणूस करत होतं. तरी ओलं आणि कोरडं यातला फरक त्या मुलाला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होता.

या पद्धतीचे गोडवे गाण्याइतकं सोपं चित्र नव्हतं. दिवसाला ढीगभर लंगोट धुवावे लागत आणि ते बायकाच धूत. जून-जुलैत पेठेतल्या वाड्यांत माजघरात दोऱ्या बांधून लंगोट वाळत घालावे लागत, तरी ते दमट राहत, मग इस्त्री फिरवून कोरडे करायचे. शिवाय घरात दिवसभर कुणीतरी मोकळं असणं ही पहिली अट होती. पूर्व आफ्रिकेतल्या दिगो समाजाबद्दल १९७७ साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. तिथल्या आया बाळ दोन-तीन आठवड्यांचं असल्यापासून त्याला शूला धरतात आणि पाच-सहा महिन्यांत बाळं बऱ्यापैकी कोरडी राहू लागतात, असं त्यात नोंदवलंय. तिथेही बाळ सतत आईच्या अंगाशी असतं, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेत गाडी वेगळ्या रस्त्याने गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तिथल्या सरकारी पुस्तिका मातांना सांगत होत्या की पहिल्या काही महिन्यांतच घड्याळ लावून बाळाला भांड्यावर बसवा. सक्ती फार होती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या सक्तीविरुद्ध सूर उमटला. १९६२ साली टी. बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञाने १,१७० मुलांच्या नोंदींवर आधारलेला लेख प्रसिद्ध केला. मूल शरीराने आणि मनाने तयार झाल्याच्या खुणा दिसू लागल्या की मगच शिकवा, बळजबरी करू नका, हे त्याचं सार. त्याच्या नोंदींतली मुलं दिवसाचं शिकली तेव्हा सरासरी २८.५ महिन्यांची होती. दटावण्याने मुलं शी दाबून धरतात, त्यातून बद्धकोष्ठ होतं, हे त्याने पाहिलं होतं. त्याचा सल्ला मला आजही पटतो.

पण त्याच सुमारास बाजारात दुसरं काही घडत होतं. १९४६ मध्ये मॅरियन डोनोव्हन या गृहिणीने न्हाणीघरातला पडदा कापून लंगोटावरून घालायचं जलरोधक आवरण शिवलं. कापडाच्या आत न राहता बाहेर येणारी ओल तिला थांबवायची होती. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकी कंपनीत व्हिक्टर मिल्स या अभियंत्याच्या हाताखाली पॅम्पर्स हा वापरून फेकायचा डायपर तयार झाला आणि १९६१ साली इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावात त्याची चाचणी विक्री झाली. एका नगाला दहा सेंट किंमत लोकांना परवडेना, ती उतरवल्यावर खप वाढला. घाई करू नका असं सांगणारा डॉक्टर आणि घाई करायची गरजच उरू न देणारी वस्तू, दोन्ही एका वर्षाच्या अंतराने आले. १९९८ साली तर ब्रेझल्टन मोठ्या मुलांसाठीच्या मापाच्या पॅम्पर्सच्या जाहिरातीत दिसला आणि त्यावर अमेरिकेत बरीच टीका झाली. त्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण मूल जितके महिने उशिरा शिकेल तितके महिने डायपर विकला जाणार, हा हिशोब त्या जाहिरातीत होताच.

खरी कलाटणी १९८०च्या दशकात मिळाली. तोवर डायपरमध्ये कागदी लगदा असायचा, तो भिजला की ओला लागायचाच. मग त्यात अतिशोषक पॉलिमर आला, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. साखरेसारखे दिसणारे हे दाणे आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतात आणि त्याचा जेल होतो. दाबलं तरी ते पाणी परत बाहेर येत नाही. वापरलेला डायपर कात्रीने उघडून पाहिला तर आतले फुगलेले पारदर्शक गोळे बोटांत घसरतात, पण बोट जवळपास कोरडं राहतं. बाळाच्या कातडीच्या दृष्टीने हे वरदान होतं, पुरळ कमी झालं. शिकण्याच्या दृष्टीने मात्र कारण आणि परिणाम यांतली कडी तुटली. मुलाला शू होते, पण शू झाल्याचं कळत नाही.

आणि मग १९८९ साली किम्बर्ली-क्लार्क या दुसऱ्या डायपर कंपनीने अमेरिकेत पुल-अप्स नावाच्या ट्रेनिंग पँट आणल्या. बाजूला चिकटपट्ट्यांऐवजी इलॅस्टिक, मुलाने स्वतः वर-खाली करायची सोय, चड्डीसारखं रूप. जाहिरातीत मूल म्हणायचं, मी आता मोठा झालो. आतला शोषक थर मात्र डायपरचाच. ही त्रुटी कंपन्यांच्याही लक्षात आली असावी, कारण पुढे भिजल्यावर गार लागणारा थर असलेल्या आणि शू झाली की चित्र पुसट होणाऱ्या पँटही निघाल्या.

संशोधन काय सांगतं? थेट या पँटवर झालेले अभ्यास थोडे आणि लहान आहेत. २००६ मध्ये पाच मुलांवर डायपर, ट्रेनिंग पँट आणि सुती चड्डी अशी तुलना झाली. चड्डीत काही मुलांची प्रगती झाली. पँट आणि डायपर यांत फारसा फरक दिसला नाही. २०१६ मध्ये वीस मुलांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात चड्डी घालणं, ठरावीक वेळाने बसवणं आणि शाबासकी देणं हे तिन्ही भाग सुटे करून पाहिले. त्यात चड्डीचा भाग कामाचा ठरला. एवढ्यावरून छातीठोक निष्कर्ष काढू नये, हे खरं. अमेरिकेत २००२ साली छापलेल्या एका पाहणीत दिवसा कोरडं राहण्याचं मध्य वय (निम्मी मुलं ज्या वयापर्यंत शिकलेली असतात ते) मुलींसाठी ३२.५ महिने आणि मुलग्यांसाठी ३५ महिने आलं. ब्रेझल्टनच्या आकड्याशी ताडून पाहिलं तर उशीर झालेला दिसतो, पण त्याचं खापर एकट्या डायपरवर फोडता येत नाही. घरातली माणसं, नोकऱ्या, शिकवायला सुरुवात करण्याचं वय, सगळंच बदललं होतं.

पुण्याची गोष्ट इथे वेगळी होते. नव्वदच्या दशकात किम्बर्ली-क्लार्क आणि हिंदुस्थान लिव्हर यांची भागीदारी झाली आणि नगर रस्त्यावर सणसवाडीला कारखाना उभा राहिला. त्यांच्या डायपरचं हगीज हे नाव इतकं रुळलं की आजही कित्येक घरांत कुठल्याही डायपरला हगीजच म्हणतात. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत जपानच्या युनिचार्मने मामीपोको पँट आणल्या आणि आपल्याकडे पँटचाच जम बसला. चिकटपट्टीपेक्षा ती घालायला सोपी आणि किराणा दुकानात एक-दोन नगांच्या छोट्या पाकिटांतही मिळते.

म्हणजे अमेरिकेत जी वस्तू डायपरनंतरची पायरी म्हणून आली, ती आपल्या बाळांच्या अंगावर पहिल्या महिन्यापासून असते. अडीच वर्षांच्या मुलाला तीच पँट ‘आता शिकायचं’ म्हणून घातली, तर त्याच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. आईबापांना वाटतं आपण सुरुवात केली. मूल जे रोज करत आलंय तेच करतं. पुण्यात ही पँट खोळंबा करते ती याच कारणाने, असं मला वाटतं.

त्यात घरंही बदलली. हिंजवडी, खराडीत दोघं नोकरीला, आजी-आजोबा गावाकडे, मूल नऊ तास पाळणाघरात. एका ताईंकडे सात-आठ मुलं असली की त्या दर तासाला प्रत्येकाला बसवू शकत नाहीत. घरी शनिवार-रविवार चड्डी आणि सोमवारपासून पुन्हा पँट, असं चालतं. मूल गोंधळतं, त्यात त्याचा दोष नाही.

पँटची किंमत घराबाहेरही कुणीतरी मोजतं. पुण्यात घरोघरचा कचरा ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला गोळा करतात आणि वर्गीकरण करतात. गुंडाळी न केलेले डायपर त्यांना हाताने वेगळे काढावे लागत. २०१६च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी डायपर गुंडाळून टाकायला वेष्टन द्यावं असं म्हटलं गेलं आणि त्यानंतर शहरात डायपर कागदात गुंडाळून, न उघडता ओळखू यावा म्हणून, वर लाल ठिपका काढायची मोहीम निघाली. लाल ठिपका काढायला पाच सेकंदं लागतात, तेवढं तरी प्रत्येक घराने करावं.

एवढं सगळं असूनही मी पँट सरसकट टाकून द्या असं म्हणणार नाही. रात्रीचं कोरडं राहणं शिकवून येत नाही. ते शरीराच्या वाढीवर, झोपेत लघवी कमी तयार होण्यावर अवलंबून असतं आणि पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओलं होणं नेहमीचं आहे. रात्री पँट घातल्याने दिवसाचं काही बिघडत नाही. मुंबईला जाताना घाटात गाडी अडकली, तर तीच उपयोगी पडते.

आणखी एक प्रसंग असा, जिथे चड्डीचा हट्ट उलट त्रास देतो. काही मुलं शू व्यवस्थित सांगतात पण शी करायला पँटच मागतात, नाही दिली तर दाबून धरतात. १९९७ च्या एका अमेरिकी अभ्यासात ४८२ मुलांपैकी २२ टक्के मुलं किमान महिनाभर असं करताना दिसली. अशा वेळी पँट काढून घेतली की शी कडक होते, दुखते, आणि दुखली की मूल अजून घट्ट धरतं. त्यापेक्षा शीपुरती पँट द्यावी, पाणी, फळं, भाज्या वाढवून शी मऊ होऊ द्यावी, आठवडा-दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं. दिवसभराची चड्डी मात्र चालू ठेवावी, पाळणाघराच्या ताईंशी बोलून तिथेही, आणि पिशवीत चार सुक्या चड्ड्या जास्तीच्या द्याव्यात.