अजिंक्यताऱ्याहून जुन्या कुळातला सायकस

साताऱ्यात ज्या कॉलेजांत वनस्पतीशास्त्र शिकवतात, त्यांच्या आवारात सायकस बहुधा दिसतोच. शोभेचं झाड म्हणून पामांच्या रांगेत लावलेला असतो, पण पामांशी त्याचं नातं नाही. तो अनावृतबीजी, म्हणजे फळाच्या आवरणाविना उघडं बी धरणारा आहे. त्याची भाऊबंदकी पाइन आणि गिंकोशी.

हे कुळ किती जुनं, ते साताऱ्यात उभं राहून चटकन उमगतं. अजिंक्यतारा किल्ल्याचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सायकस ज्यात मोडतो त्या सायकॅड गटाचे जीवाश्म मात्र २७-२८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात. तेव्हा आजचा सह्याद्री नव्हता, डायनासोरही अवतरले नव्हते. आपल्याकडचे लाव्हापूर्वीचे खडक लाव्हाखाली गाडले गेले आहेत. पुरावनस्पतीशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी १९३२ साली विल्यमसोनिया या नामशेष झाडाची पुनर्रचना मांडली, ती झारखंडच्या राजमहाल टेकड्यांतल्या जीवाश्मांवरून. ते झाड सायकससारखं दिसायचं, तरी गट वेगळा.

कुळ जुनं असलं, तरी जाती तेवढ्या जुन्या नाहीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार आजच्या बहुतेक सायकॅड जाती गेल्या सुमारे सव्वा कोटी वर्षांत घडल्या. ‘जिवंत जीवाश्म’ म्हणताना एवढं भान हवं.

जुनेपणाच्या खुणा झाडावरच वाचता येतात. बुंध्यावर गळून गेलेल्या पानांचे देठ खवल्यांसारखे उरतात. कोवळ्या पानाच्या पर्णिका नेच्यासारख्या आत गुंडाळलेल्या असतात. त्या उलगडत असतानाचे थोडे दिवस विद्यार्थ्यांनी चुकवू नयेत. जमिनीलगतची काही मुळं पोवळ्यासारखी फाटे फुटून वर येतात. ती आडवी कापली की आत हिरवट-निळी कडी दिसते. ती कडी नीलहरित शैवालाची. हे शैवाल हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतं. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे याच्या पुंबीजकांना, म्हणजे नर प्रजननपेशींना, हलणारे बारीक केसल असतात आणि त्या जोरावर ते बीजांडात पोहत अंडपेशीकडे जातात. जपानी संशोधक इकेनो यांनी हे १८९६ साली सायकस रिव्होल्यूटात पाहिलं. नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढे दिसावेत इतके ते मोठे असतात.

आवारांत असतो तो बहुतेक हाच, मूळ दक्षिण जपानचा सायकस रिव्होल्यूटा. पश्चिम घाटाचा स्वतःचा सायकस सर्सिनॅलिस मात्र आज संकटग्रस्त यादीत आहे. जंगलं तुटली, त्यात सजावटीसाठी पानं आणि औषधासाठी नर झाडांचे शंकू ओरबाडले जातात. आपल्या कॉलेजांनी तो खात्रीच्या रोपवाटिकेतून आणून लावावा, असं मला मनापासून वाटतं. सायकसमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. एकाच झाडाच्या बुंध्याला फुटलेली पिलं काढून लावली, तर सगळी झाडं एकाच लिंगाची होतात आणि सकस बी धरत नाही. म्हणून बियांपासूनची चार-सहा रोपं तरी हवीत. नर कोण, मादी कोण हे शंकू किंवा बीजांडं धरल्यावरच कळतं, आणि त्याला कित्येक वर्षं जातात.