तीन तास चरणं आणि थोडं चरणं

जाड होऊ नये म्हणून आमचं तट्टू दिवसाला तीनच तास कुरणात जायचं. लेकीच्या शाळेची वेळ सांभाळून नऊला सोडायचं, बाराला आत घ्यायचं. महिन्याभराने छातीला फीत लावून मोजलं, तर घेर तीन सेंटिमीटरनी वाढलेला. इंग्लंडातला एप्रिल आणि वेल्श जात, म्हणजे खरं तर सगळं कळायला हवं होतं. तरी मी तबेलेवाल्या बाईंशी वाद घातला, की तीन तासांत असं किती खाणार? त्यांनी मला कुंपणापाशी उभं केलं आणि नुसतं बघायला सांगितलं.

फाटक उघडल्यावर बाकीची घोडी दोन घास घेत, चार पावलं टाकत, मान वर करून इकडे तिकडे बघत होती. आमच्या महाशयांचं तोंड जमिनीला लागलं ते लागलंच. गवत तुटल्याचा फरफर आवाज एकसारखा चालू. वीस मिनिटांत एकदाही मान वर नाही. सुटीच्या घंटेनंतर डबा संपवणारं पोर असतं ना, तसं.

चरायची वेळ कमी करणं आणि खाणं कमी करणं, या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो. तास मोजले की घास मोजले गेले, असा समज. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तट्टांना रोज तीन तास कुरणात आणि उरलेला वेळ आत चाऱ्यावर ठेवलं होतं. सहाव्या आठवड्यापर्यंत ती दिवसभराच्या खाण्यातला सुमारे ४० टक्के भाग त्या तीन तासांतच उरकायला लागली होती. फाटक कधी बंद होणार हे जनावर शिकतं आणि त्या हिशेबाने तोंड चालवतं.

आकड्यांत बघू. ३०० किलोच्या तट्टाचं वजन उतरवायचं, तर दिवसाला वजनाच्या साधारण दीड टक्का, म्हणजे साडेचार किलो कोरडा चारा पुरतो. कोरडा म्हणजे पाणी वजा करून. वसंतातल्या ओल्या गवतात पाचात चार भाग पाणीच असतं. मोकळं सोडलं तर हेच तट्टू चार टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं, म्हणजे बारा किलो. वेल्श, शेटलंड, एक्समूर ही माळरानावरच्या निकस गवतावर तगलेली जनावरं. आपल्याकडे भीमथडीचं तट्टू धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन मैलोन्मैल चालतं, त्याच्यावर ही वेळ कशाला येईल? तसल्याच काटक तट्टाला दुभत्या गाईंसाठी पेरलेलं रायगवत मिळालं आणि कामही नसलं, की मानेवर आयाळीखाली चरबीचा कडक उंचवटा येतो. गवतातल्या साखरेने रक्तात इन्शुलिन वाढतं आणि खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे सुटायला लागतात. हा लॅमिनायटिस. पुढचे पाय पुढे ताणून, भार टाचांवर घेऊन उभं असलेलं तट्टू एकदा पाहिलं की ‘जरा गुबगुबीत आहे, गोड दिसतो’ हे कौतुक घशातच अडकतं.

मग घासच कमी करायचा तर काय? मुसकी. कोळपणीला बैलाने पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधतात तीच, फक्त इथल्या मुसकीला तळाशी एक भोक असतं. त्यातून गवताचे शेंडे आत येतात तेवढेच तोडता येतात. (पहिल्यांदा फोटो पाठवला तेव्हा आमच्या आत्या म्हणाल्या, तोबरा बांधलास वाटतं! दोन्ही तोंडालाच, तोबरा चंदी म्हणजे दाणा खायला घालतो, मुसकी हात आखडता घेते.) मुसकीने खाणं किती घटतं, याचे प्रयोगांतले आकडे ३० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत आहेत. एवढी तफावत, कारण बरंचसं गवताच्या उंचीवर ठरतं. फार खुरटं असेल तर भोकापर्यंत पोचतच नाही, फार उंच असेल तर आडवं होतं. सोडून निघून न येता भोकातून गवत येतंय ना, हे स्वतः उभं राहून बघायचं. पाणी पिता आलं पाहिजे, नाकपुड्या घासल्या जाता कामा नयेत, आणि म्होरकी कुठे अडकलीच तर तुटणारी हवी. चोवीस तास मात्र बांधून ठेवायची नाही.

आमची चूक त्यापुढची. मुसकी घालून सात तास सोडायचो, आणि बिचाऱ्याला थोडं सुख म्हणून शेवटच्या एका तासासाठी ती काढून ठेवायचो. त्या तासात तो सगळी वसुली करायचा.

दुसरा उपाय विजेच्या तारेच्या कुंपणाचा: रोज थोडीच पट्टी पुढे सरकवून द्यायची. याने गवत मोजून मिळतं, हवा आणि सोबतही मिळते. पण गवत मुळापर्यंत कुरतडलेल्या जुन्या वाफ्याला ‘इथे काही नाही’ म्हणून सुरक्षित समजू नये. साखर देठाच्या बुडाशीच जास्त साठते.

उपाशी ठेवणं हा उपाय नव्हेच. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, रिकाम्या पोटी व्रण पडतात. आणि जाड तट्टाला एकदम उपास घडला तर साठलेली चरबी रक्तात उतरते, त्यात जीवही जातो. म्हणून आत असतानाही तोंड चालू हवं. आम्ही वाळलेलं गवत थंड पाण्यात काही तास भिजवतो, साखरेचं पिवळट पाणी फेकून देतो आणि बारीक भोकांच्या जाळीत टांगतो.

तर घड्याळाचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण वेगळ्या कामासाठी. किती वेळ यापेक्षा कुठल्या वेळी, हे त्यातून ठरवायचं. ऊन असताना गवत साखर बनवतं, रात्री वाढीसाठी वापरतं. म्हणून पहाटेच्या गवतात ती कमी आणि दुपार कलताना जास्त. आता आम्ही पहाटे पाचला मुसकी बांधून सोडतो, दहाला आत घेतो. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी फीत लावतो. ऑगस्टपर्यंत घेर सहा सेंटिमीटरनी उतरला. फासळ्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की लागतात.

ऑक्टोबरच्या शेवटी एका पहाटे दव गोठलं होतं. आदल्या दिवशी लख्ख ऊन पडलेलं. अशा थंडीत रात्री गवताची वाढ थांबते, आणि दिवसाची साखर तशीच राहते. मुसकी खुंटीवरच ठेवली. तो फाटकापाशी खूर आपटत उभा होता. मी भिजवलेल्या गवताची जाळी टांगली, तर एक घास घेऊन परत फाटकाकडेच बघत राहिला.