पाढा अडला की आकडा फोडा

परळमधल्या एखाद्या सोसायटीत ४८ फ्लॅट आहेत असं धरा. प्रत्येकाकडून महिन्याला मेंटेनन्सचे २,९५० रुपये आणि सिंकिंग फंडाचे २५० घ्यायचे आहेत. एकूण किती जमतील? २,९५० × ४८ आणि २५० × ४८ असे दोन गुणाकार मांडून बेरीज केली तरी उत्तर येईल, पण कागद लागेल. त्याऐवजी आधी २,९५० आणि २५० मिळवा: ३,२००. आता ४८ ऐवजी ५० फ्लॅट समजा: १,६०,०००. दोन फ्लॅट जास्त धरले, म्हणून ६,४०० वजा करा. उत्तर १,५३,६००.

इथे वितरण गुणधर्म दोनदा वापरला, म्हणजे बेरजेचे किंवा वजाबाकीचे तुकडे वेगवेगळे गुणले तरी उत्तर तेच येतं हा नियम. पहिल्यांदा ४८ सामाईक म्हणून कंसाबाहेर काढला, दुसऱ्यांदा ४८ चे ५० − २ केले. गफलत होते ती पुढच्या टप्प्यावर. पार्किंगचे ३०० रुपये फक्त २० गाड्यांचेच असतील, तर ३,५०० × ४८ करून चालत नाही. हिशेब ८,४०० रुपयांनी फुगतो. सामाईक संख्या दोन्हीकडे खरोखर तीच असेल तरच बाहेर येते. पार्किंगचे ६,००० वेगळे काढायचे आणि शेवटी मिळवायचे.

क्रमनिरपेक्षता, साहचर्य आणि वितरण ही तीन नावं पुस्तकात व्याख्या म्हणून येतात आणि परीक्षेत दोन गुणांपुरती उरतात. त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे: समोर आलेला गुणाकार न करता त्याच उत्तराचा सोपा गुणाकार निवडायचा.

पहिल्या दोन गुणधर्मांचं काम थोडक्यात सांगता येतं. संख्यांची जागा बदला, जोड्या हव्या तशा लावा. २५ रुपयांचे ३६ वडापाव म्हणजे २५ × ४ × ९, म्हणजे नऊशे. १२५ दिसला की ८ शोधा: १२५ × ४८ म्हणजे १,००० × ६. ३५ × १६ मध्ये एकाला दुप्पट आणि दुसऱ्याला निम्मं करत गेलं की ७० × ८, मग १४० × ४, म्हणजे ५६०. भागाकारात आणि वजाबाकीत ही मोकळीक नाही.

मुलं सर्वाधिक अडखळतात ती बेरजेची युक्ती गुणाकारात आणताना. ९८ + ४७ करताना ४७ मधले २ उचलून ९८ ला द्यायचे, १०० + ४५ करायचे, हे अगदी बरोबर. तेच ९८ × ४७ मध्ये केलं की १०० × ४५, म्हणजे ४,५०० येतात. खरं उत्तर ४,६०६. कारण ९८ × ४७ म्हणजे ४७ ही संख्या ९८ वेळा. शंभर वेळा घेतली तर दोन ४७ जादा झाले. ४,७०० मधून ते ९४ काढायचे. नुसते २ वजा करून ४,६९८ लिहिणारेही पुष्कळ. शेवटचा अंक तपासला तर दोन्ही चुका लगेच पकडता येतात: ८ × ७ = ५६, म्हणजे उत्तराच्या शेवटी ६ हवाच.

दुसरी नेहमीची चूक २३ × १४ मध्ये दिसते. २० × १० = २००, ३ × ४ = १२, झाले २१२. हॉल २३ फूट लांब, १४ फूट रुंद आहे आणि फूटभराच्या चौकोनी लाद्या बसवायच्या आहेत असं समजा. लांबी २० आणि ३ मध्ये, रुंदी १० आणि ४ मध्ये तोडली की जमिनीचे दोन नव्हे, चार तुकडे पडतात: २००, ८०, ३० आणि १२. एकूण ३२२ लाद्या. २१२ च मागवल्या तर दोन पट्टे मिळून ११० लाद्यांची जागा उघडी राहील.

उभ्या मांडणीत दुसऱ्या ओळीच्या शेवटी फुली किंवा शून्य का देतात, तेही यातूनच कळतं. ३४६ × २७ मध्ये दुसरी ओळ २ ची नसून २० ची असते. शून्य विसरलात तर २,४२२ आणि ६९२ मिळवून ३,११४ येतात; म्हणजे नकळत ३४६ ला २ + ७ ने, ९ ने गुणलं. बरोबर उत्तर ९,३४२. नुसतं ‘एक घर सोडायचं’ म्हणून शिकवलं तर हे कधीच उमगत नाही.

हे काही नवं नाही. भास्कराचार्यांच्या इ.स. ११५० च्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणण्याचं उदाहरण आहे आणि तिथे गुणक फोडण्याच्या रीती दिल्या आहेत. १२ चे ८ + ४ करा: १,०८० + ५४०. किंवा अवयव पाडा: आधी ३ ने, मग ४ ने. किंवा ८ मिळवून २० ने गुणा आणि १३५ ची आठपट वजा करा: २,७०० − १,०८०. कुठूनही गेलात तरी १,६२०.

पूर्वी पाठ करून घेत त्या पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांमागेही हेच आहे. दादरच्या मंडईत ८४ रुपये किलोची भाजी दीड किलो घेतली तर ८४ + ४२, म्हणजे १२६. पाऊण किलो असेल तर ८४ मधून पाव किलोचे २१ काढायचे: ६३.

मघाच्या २३ × १४ ला चार छोटे गुणाकार लागले होते. मोठ्या संख्यांना याहून फारशा कमी कष्टात गुणता येणार नाही, असा रशियन गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांचा कयास होता. १९६० मध्ये मॉस्को विद्यापीठातल्या त्यांच्या सेमिनारमध्ये तो ऐकून २३ वर्षांच्या अनातोली कारात्सुबा यांनी आठवड्याभरात तो खोटा ठरवला. २३ × १४ वर रीत अशी: दशकांचे २ × १ = २, एककांचे ३ × ४ = १२, आणि (२ + ३) × (१ + ४) = २५. पंचविसातून २ आणि १२ वजा करा, ११ उरतात. हे ११ दशक, म्हणजे तेच दोन पट्ट्यांचे ११०. चाराऐवजी तीन गुणाकार, बदल्यात थोड्या बेरजा-वजाबाक्या. दोन अंकी संख्यांत यात काही फायदा नाही, उलट घोळच व्हायचा. पण शेकडो अंकांच्या संख्येत प्रत्येक तुकड्यावर हीच रीत पुन्हा पुन्हा लावता येते आणि बचत वाढत जाते. पायथॉन ही संगणकभाषा अतिमोठे पूर्णांक गुणताना आजही कारात्सुबांचीच रीत वापरते.